सुगडातला मिशाळ

हॉलमधल्या काचेच्या टाकीत कमळीनं हात घालायचा नाही, हा त्या घरचा कायदा होता. कायदा मोडला की काय होतं, ते तिच्या डाव्या मनगटाला पक्कं ठाऊक होतं. थंडी पडली की ते अजून ठणकायचं. मागच्या वर्षी टाकीचं पाणी हिरवं झालं म्हणून तिनं भोळेपणानं अर्धं पाणी उपसलं आणि नळाचं ताजं पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत नवऱ्याचा, जयदेवचा, महागाचा मासा पोट वर करून तरंगायला लागला. नळाच्या पाण्यातलं औषध माशाला सोसत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग जयदेवनं सांगितलं, मनगट पिरगळून. दवाखान्यात ती म्हणाली, मोरीत पाय घसरला. डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं, शेजारी उभ्या जयदेवकडं पाहिलं आणि कागदावर लिहिलं, मोरीत पाय घसरला. लिहिणाऱ्याचं काय जातं?

म्हणून त्या सकाळी केर काढताना टाकीतला मिशाळ कुठंच दिसेना, तेव्हा कमळीच्या हातातली केरसुणी गळून पडली.

दुकानात त्या माशाला ब्रिसलनोज म्हणतात. वीतभरही नसतो. काळपट अंग, त्यावर पिवळे ठिपके, खालच्या बाजूला गोल तोंड, आणि दिवसभर काचेला चिकटून शेवाळ खरवडायचा धंदा. पण नाकाडावर फाटे फुटलेली, लोंबती, मऊ मिशी. एखाद्या ओंडक्यावर झाडोरा उगवावा तशी. ब्रिसलनोज म्हणताना नावडे गावातल्या लोकांची जीभ अडखळायची, म्हणून सगळे त्याला मिशाळ म्हणायला लागले. जयदेवला हे नाव फार आवडलं. स्वतःच्या मिशीला पीळ देत तो येणाऱ्याजाणाऱ्याला टाकीपुढं उभा करायचा. "बग. मर्द हाय मर्द. आपल्या घरचा."

हा खरा मिशाळ मिळेपर्यंत जयदेव एकदा चांगलाच फसला होता. कुणीतरी त्याला बाळ मिशाळ म्हणून साधा सकर मासा गळ्यात मारला. मिशीची वाट बघता बघता मासा हातभर झाला, रात्रंदिवस टाकीतले दगड उलथायला लागला, पण मिशी काही आली नाही. गावात हसं झालं. जयदेवनं तो बादलीत घालून गावच्या तलावात नेऊन फेकला. तिथं असल्या फेकलेल्यांचं खानदान आधीच नांदत होतं. मग तो खारघरच्या संघमित्राच्या दुकानात गेला आणि बजावून जोडी घेऊन आला, एक मिशीवाला आणि एक बिनमिशीचा. कारण 'दादां'नी, म्हणजे गावच्या पुढाऱ्यांनी, ऑफिसात नवी टाकी बसवली होती आणि जयदेव त्यांना सगळ्यांदेखत बोलून बसला होता, "दादा, पिल्लं झाली की पयली तुमाला." सरकारनं घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून बंगला बांधलेल्या माणसाला आता नुसता बंगला पुरत नव्हता. दादांच्या शेजारची खुर्ची पाहिजे होती. ती खुर्ची या दोन माशांच्या पोटात होती, असं त्याचं गणित.

काल तो दादांच्या माणसांबरोबर अलिबागला गेला. उद्या येणार होता. उंबऱ्यावर चपला घालताना म्हणाला, "मिशाळाला काय झाला तं बग हां. तुना दुसरा मनगट हाय अजून."

हे तो हसत म्हणाला. जयदेव हसत बोलला की कमळी जास्त घाबरायची.

केरसुणी तशीच टाकून ती टाकीपाशी गुडघ्यांवर बसली. बिनमिशीचा मासा समोर काचेला चिकटलेला होता. दगडांमागं कुणी नाही. पाणवेलीत कुणी नाही. राहता राहिलं कोपऱ्यातलं सुगड. संक्रांतीचं मोठं सुगड, तिनंच पुजलेलं. जयदेवनं ते उचलून माशांना घर म्हणून टाकीत आडवं ठेवलं होतं. तिनं मोबाईलचा उजेड आत मारला.

आत मिशाळ होता, जिवंत. तिचा जीव खाली पडतो न पडतो तोच तिला दुसरं दिसलं. त्याच्या पोटाखाली तुरीच्या डाळीएवढ्या नारिंगी मण्यांचा घोस चिकटलेला होता.

अंडी! कमळीला गाबोळी कुणी शिकवायला नको होती. ती दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली, मासे विकणाऱ्या पुतळाबाईची पोर. घोळ असो, पापलेट असो, पोटावर अंगठा टेकवला की आत गाबोळी आहे की नाही, हे ती गिऱ्हाइकाला सांगायची, आणि कापल्यावर तिचं खरं निघायचं. ही जोडी घरात आली तेव्हा जयदेवनं तिला विचारलंही होतं, "कोलीन ना तू? सांग, नर कंचा न् मादी कंची?" ती म्हणाली होती, "अंगठा लावून बघाया पायजे." तर तो खेकसला, "हात लावाचा नाय!" मग मिशीवाला तो नर आणि बिनमिशीची ती मादी, असं जयदेवनंच ठरवून टाकलं. त्याला मिशी म्हणजे काय ते बरोबर माहीत होतं ना.

आणि आता तो मिशीवाला त्या अंड्यांवर ओणवा झाला होता आणि त्याचं तोंड एकसारखं हलत होतं. एक मणी चोखायचा, सोडायचा, दुसऱ्यावर जायचा.

"खातोय मेला," कमळी पुटपुटली. "पोरां खातोय."

मिशीवाला पोरांवर ओणवा झाला की पुढं काय होतं, हे तिनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. लेक मनस्वी लहान होती, तिच्या हातून दुधाचा पेला सांडला. जयदेव असाच वाकला होता तिच्यावर. कमळी मध्ये पडली म्हणून पोरीचं तोंड वाचलं आणि कमळीचं फुटलं. शेजारच्या वैजयंतीनं तेव्हा टीव्ही मोठा केला होता. त्या घरात आरडाओरडा झाला की शेजारपाजारचे सगळे टीव्ही मोठे व्हायचे, गावची पद्धतच पडून गेली होती. मनस्वी आता नाशकात हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. सुट्टीतही फारशी येत नसे. कमळीनंच तिला सांगून ठेवलं होतं, नको येऊस.

हात घालावा तर कायदा मोडतो. न घालावा तर हा सगळी पोरं खाऊन टाकतो, उद्या जयदेव येतो, दादांना दिलेला शब्द जातो, आणि त्या शब्दाची भरपाई कुणाच्या अंगातून काढायची ते ठरलेलंच. इकडून तिकडून मनगट जाणारच होतं. कमळीनं दाराकडं पाहिलं. कडी लावून आली. देव्हाऱ्यातल्या एकवीरेला हात जोडले आणि पदर खोचून पाण्यात हात घातला.

सुगड तिरकं केलं तसा मिशाळ बाहेर घरंगळला. तिनं त्याला मुठीत धरला मात्र, गालांतून त्यानं काटे उभे केले आणि अंगठ्यात रुतवले. शिंगाळा माशाचे काटे खाल्लेली बाई ती, ओरडली नाही. टाकीचंच पाणी घेतलेल्या बादलीत त्याला सोडला आणि वर परात झाकली. "बस आता थयं," ती म्हणाली. "लय मर्द."

मग सुगडाचं तोंड तिनं बिनमिशीच्या माशाकडं वळवलं. "घे गो बाय. तुझी पोरां वाचवली."

बाय आली, सुगडाच्या तोंडाशी थांबली आणि वळून काकडीच्या फोडीवर जाऊन चिकटली.

"आगो, आयस हायेस का कोन?" कमळीनं काचेवर टिचकी मारली. बाय काकडी खात राहिली.

त्यानंतरची सकाळ कमळीनं कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. भात लावला आणि करपवला. रस्त्यावर कुठल्याही गाडीचा हॉर्न वाजला की ती परातीकडं धावायची, आता बादली कुठं लपवू? दर थोड्या वेळानं सुगडात उजेड मारून बघायची. पोरं होती तिथंच होती, त्यांच्याकडं बघायला कुणी नव्हतं. दुपारी तिनं पाहिलं तेव्हा घोसाच्या कडेचे मणी पांढरे पडले होते. भिजलेल्या साबुदाण्यासारखे. त्यांवर कापसासारखं काहीतरी धरत होतं.

खाणारा तर बादलीत होता, मग ही मरतायत कशानं?

टाकीच्या काचेवर दुकानाचं स्टिकर होतं. त्यावरचा नंबर लावताना तिचं बोट तीनदा चुकलं.

"हॅलो, बोला."

"मी नावड्यातून बोलतंय. जयदेव शेठच्या घरातनं."

"हां हां, बोला ना ताई. मी संघमित्रा. शेठ आहेत का?"

"नायत. आनि त्यांना सांगू नका मी फोन केल्याचा."

पलीकडं दुकानाचं दार लोटल्याचा आवाज आला. मग संघमित्रा हळू आवाजात म्हणाली, "नाही सांगत. काय झालं?"

"मिशाळानं अंडी दिली. म्हंजे मादीनं दिली. आन् मिशाळ ती खात व्हता. म्हनून मी त्याला भायेर काढला. तरी अंडी पांढरी पडतायत."

"अहो ताई! त्याला का काढलात?"

"खात व्हता ना!"

"खात नव्हता हो. साफ करत होता. एकेक अंडं तोंडानं पुसतो तो, पंखांनी वारा घालतो, खराब झालेलं उचलून बाहेर टाकतो. त्याच्याशिवाय बुरशी लागणारच. या माशांत अंडी बाप सांभाळतो, ताई. आई घालते आणि निघून जाते."

कमळीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बापूस?"

"हो, बाप. पिल्लं फिरती होईपर्यंत तिथून हलत नाही, धड खातही नाही."

"असा कसा? मंग मिशीवाली ती मादी असंल. आमीच उलटं समजलो."

"नाही नाही. थांबा, मिशी कुठं आहे सांगा. नाकाच्या वर, पार डोळ्यांच्या मधोमध गेलीय ना? फाटे फुटलेत?"

"व्हय."

"मग नरच. मादीला असली तर फक्त ओठाच्या काठाला बारीक बारीक खुंटं असतात. आणि वरून बघितलं की ती पोटाला रुंद दिसते. लहान असले की मीसुद्धा चुकते बघा, पण तुमचे मोठे आहेत. तो नरच आहे, ताई. बापच आहे."

कमळीनं अंगठ्याकडं पाहिलं. काट्यांचे लाल ठिपके होते. तो मुठीत काटे रुतवत होता, झटापट करत होता, ती पळून जायला नव्हे. मागं जायला.

"आता काय करू?"

"लगेच सोडा परत. मडकं जागेवर ठेवा आणि अजिबात हलवू नका. कधी कधी तो परत घेतो अंडी. कधी घाबरून स्वतःच खाऊन टाकतो. गॅरंटी नाही देत मी. टेन्शन घेऊ नका." मग फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "ताई, तुमचा हात बरा आहे का आता?"

कमळीचं मनगट खारघरपर्यंत पोचलं होतं. सांगणारा कोण, ते विचारायची गरज नव्हती. दुकानात उभं राहून मिशीला पीळ देत त्यानं सांगितलं असणार, मासा मारला म्हणून बायकोला कसा धडा शिकवला ते.

"बरा हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मिशाळाला तिनं ओंजळीनं टाकीत सोडला. तो तळाशी जाऊन पडला, कल्ले भराभर हलवत. सुगडाकडं बघेना. बिनमिशीची येऊन त्याला हुंगून गेली. कमळी टाकीपुढं फरशीवर बसली. "जा रं बाबा," ती म्हणत होती. "चुकलं माजं. जा."

किती तरी वेळानं तो सरकला. सुगडाच्या तोंडाशी गेला, थबकला, आत शिरला. त्याचं तोंड अंड्यांवर टेकलं. एक पांढरा मणी त्यानं उचलला. आता खाणार, असं वाटलं तिला. त्यानं तो बाहेर आणून वाळूवर थुंकला आणि परत आत गेला. दुसरा आणला. तिसरा आणला. मग घोसापाशी बसून पंख हलवायला लागला. तापानं फणफणलेल्या पोराला वारा घालावा तसा, न थांबता.

कमळीला रडू आलं नाही आणि हसूही नाही. भीती होतीच, ती कुठं जाते? पण तिच्या पोटी आता दुसरीच एक भीती जन्माला आली. इतकी वर्षं तिनं स्वतःला समजावलं होतं की मिशी म्हटली की हे असंच. पुरुषाची जातच अशी, देवानंच तशी घडवली, पाऊस आला तर भिजायचं तसं हे सोसायचं. आईनंही तेच सांगितलं होतं, सासूनंही. आणि हा बोटभर मासा सुगडात बसून सगळ्यांना खोटं पाडत होता. जात तशी नव्हती. म्हणजे जयदेव तसा होता. त्याला न मारताही राहता आलं असतं आणि तो मारत होता. मग ती त्या घरात एवढी वर्षं काय करत होती?

हा प्रश्न तिनं पदरात बांधून ठेवायच्या आत फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. जयदेवचाच. उद्या येणारा माणूस आजच संध्याकाळी दारात होता.

बादली मोरीत पोचली, पण फरशी पुसायची राहिली.

जयदेवबरोबर दिलीप होता, दादांचा उजवा हात, आणि मागं बाटल्यांची पिशवी घेतलेले आणखी दोघं. जयदेव चपलांसकट टाकीकडं गेला. मोबाईलचा उजेड आत मारला आणि ओरडलाच, "आयला! अंडी! दिलीपभाव, बग बग! बोललो व्हतो का नाय? कर दादाला फोन!"

दिलीप वाकला. बराच वेळ बघत राहिला. "शेठ, अंडी हायत खरी. पन आत बसलाय कोन?"

"मंजे?"

"मिशी दिसतेय आत." दिलीपनं उजेड बाहेर वळवला. "आनि तुमची मादी काय करतेय? काकडी खातेय, मस्त!" तो फरशीवर बसून हसायला लागला. "वा शेठ! तुमच्या घरचा मर्द बाळंतिणीच्या खोलीत, आनि बाई बाजार फिरते! दादाला काय सांगू? जयदेव शेठकडं नर अंडी उबवतात?"

"शेक द्या शेठ, शेक! बाळंतशेपा द्या!" मागचे दोघं खिदळले.

जयदेव हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि कमळी स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकली. तिला ते कान माहीत होते.

"कमले. हीकरं ये."

ती आली.

"फरशी कशी ओली?"

"पुसली."

"अंगठा दाखव."

तिनं मूठ वळली. त्यानं ती उघडली. काट्यांचे ठिपके तिथंच होते.

"हात घातला तू. हात घातला म्हनून बिघडला तो."

"बिघडला नाय." कमळीचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तसांच असतं त्यांच्यात. पोरां बापूस सांबालतो. दुकानवालीनं सांगितलं."

"दुकानवालीनं?" जयदेव आता अगदी हळू बोलत होता. "फोन केला तू?"

तिनं मूठ पदराखाली घेतली. चारचौघांत तो हात उचलत नसे, तेवढी अब्रू त्यानं जपली होती. मार पाहुणे गेल्यावर. पाहुणे बाटल्या उघडत होते, म्हणजे अजून थोडा वेळ होता.

"शेठ, जाऊ द्या हो, गंमत केली," दिलीप म्हणाला. पण हसू अजून त्याच्या ओठांवर होतं, आणि जयदेवला तेवढंच दिसत होतं.

त्यानं बाही वर केली आणि सुगडात बोटं खुपसली. मिशाळ सकाळसारखा घरंगळला नाही. गालांचे काटे त्यानं मातीच्या भिंतीत रोवले आणि जे काटे उरले ते जयदेवच्या बोटांत. जयदेवनं अशी काही बोंब मारली की शेजारी टीव्ही मोठा झाला. या वेळी ओरडणारा वेगळा होता, पण वैजयंतीला काय कळणार? सवय.

"पातेलं आन!" बोट चोखत जयदेव गरजला. "बाईल झालेला मर्द आपल्या घरान नको. कालवन कर त्याचा. चकना व्हईल."

"असला मासा कोन खातो शेठ?"

"मी खातो! आनि ती दुसरी ठेव. तीच देतो दादाला. अंडी तीच घालते ना? मंग!"

कमळीनं पातेलं आणलं. जयदेवच्या समोर ते टाकीत बुडवून टाकीच्या पाण्यानं भरून घेतलं. दिवसभरात तिसऱ्यांदा कायदा मोडला, पण तो बोटावर फडकं गुंडाळण्यात गुंतला होता. त्यानं सुगड उपसून, आतल्या बापासकट आणि पोरांसकट, पातेल्यात टाकलं. "जा."

ती स्वयंपाकघरात आली. गॅस पेटवला, कढईत तेल ओतलं. हात आपोआप चालत होते, वीस वर्षांची सवय. बाहेर ग्लास वाजले. दिलीप काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले, जयदेव सगळ्यात उशिरा. कमळीला ऐकूनच कळलं, हे हसू आज रात्री किती महाग पडणार ते.

तिनं पातेल्यात पाहिलं. सुगड तळाशी आडवं होतं. पाणी गढूळलं होतं, उजेड पिवळा, अनोळखी भांडं, बाहेर माणसांचा गलका. आणि आत तो पंख हलवत होता. त्याला काही कळत नसेल का? की कळूनही बसला असेल? काटे रोवून, जागा न सोडता.

मीही जागा सोडली नाही, तिच्या मनात आलं. पण मी कुणाला वारा घालत होते?

तेल तापून धूर यायला लागला. कमळीनं गॅस बंद केला. घर जाळायचं नव्हतं तिला. पातेल्यावर झाकण ठेवलं, फडक्यानं गाठ मारली, मोबाईल कमरेला खोचला आणि मागचं दार उघडलं. बिजागरी करकरली. तिनं कान दिला. आतून कुणी हाक मारली नाही.

परसात वैजयंती कपडे काढत होती. तिनं कमळीला पाहिलं, पातेलं पाहिलं.

"कुठं गो, या टायमाला?"

कमळीनं पातेलं पोटाशी घेतलं. वैजयंतीनं बंगल्याच्या उजेडाकडं पाहिलं, मग परत पातेल्याकडं. इतक्या वर्षांत टीव्ही मोठा करण्यापलीकडं तिनं कधी काही केलं नव्हतं. ती कपडे छातीशी धरून म्हणाली, "पुढनं नको जाव. त्याची गाडी हाय, ड्रायवर बसलाय. तलावाकडनं जा."

तलावाच्या कडेनं कमळी चालली. पळावंसं वाटत होतं, पण पळालं की पाणी हिंदकळतं. मागं पावलं वाजतायत असं सारखं वाटायचं. वळून बघायची हिंमत नव्हती आणि न वळता चालायचीही नव्हती. नाक्यावर रिक्षा मिळाली. ती पातेलं मांडीवर घेऊन बसली.

"पयलं खारघर. माशांच्या दुकानाशी. मंग दिवाळे कोळीवाडा."

रिक्षा हायवेला लागली तसा कमरेचा फोन थरथरला. एकदा थांबला, परत थरथरला. तिला माहीत होतं कोण ते. आईच्या दारात तो उद्या येईल, माणसं घेऊन येईल, पाया पडेल नाहीतर दार फोडेल. आई काय म्हणेल तेही नक्की नव्हतं. तरी दोन्ही हातांनी तिनं झाकण धरून ठेवलं होतं, दुखऱ्या मनगटानंसुद्धा. फोन उचलायला हात मोकळाच नव्हता.

खड्ड्यात चाक गेलं आणि फडक्यातून पाणी सांडलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "ताई, खाली ठेवा ना ते. जेवण सांडेल."

"जेवान नाय," कमळी म्हणाली. "बापूस हाय. पोरां घेऊन बसलाय."

रिक्षावाल्यानं आरशात परत एकदा तिच्याकडं पाहिलं. वेडी आहे की काय, असंच त्याला वाटलं असणार. पण पुढचा गतिरोधक आला तेव्हा त्यानं रिक्षा अगदी हळू घेतली.